साळसूद वेशातील घातक प्रोग्राम : प्रस्तावना

संगणक आणि मोबाइल यांना अपाय करणाऱ्या सर्वच प्रोग्रामांना मराठीत सरसकट ‘व्हायरस’ म्हणण्याची रीत पडली आहे. रोजच्या बोलण्यात त्याने फारसे अडत नाही. परंतु अपाय कोणत्या वाटेने झाला आणि ती वाट बंद कशी करायची, हा प्रश्न उभा राहिला की ही सरमिसळ महागात पडते. व्हायरस एखाद्या चांगल्या फाइलला चिकटतो आणि ती फाइल उघडली जाईल तसतशा स्वतःच्या प्रती काढत जातो. वर्म या प्रकाराला तेवढाही आधार लागत नाही, कारण तो जाळ्यातील यंत्रांतली उणीव हेरून एकातून दुसऱ्यात आपोआप शिरतो. प्रस्तुत पुस्तकाचा विषय असलेला तिसरा प्रकार, म्हणजे ट्रोजन, यांतले काहीच करत नाही. तो कामाची वस्तू म्हणून समोर येतो, कधी लग्नपत्रिका, कधी दंडाची पावती, कधी सरकारी योजनेचा अर्ज, तर कधी महागड्या सॉफ्टवेअरची फुकट प्रत बनून, आणि वापरणारा माणूस स्वतःच्या हाताने, राजीखुशीने त्याला आपल्या यंत्रात जागा देतो. लाकडी घोड्याच्या पोटात सैनिक दडवून ट्रॉय नगर पाडल्याच्या ग्रीक कथेवरून त्याला हे नाव मिळाले, आणि अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ साली तयार केलेल्या संगणक-सुरक्षेच्या अहवालात ते याच अर्थाने आढळते. म्हणजे घरोघरी संगणक पोहोचण्याच्या कितीतरी आधीच या धोक्याची जाण तज्ज्ञांना आलेली होती.

या पुस्तकाचे प्रतिपादन असे की, ट्रोजन यंत्राची कडी तोडत नाही, तो माणसाकडून परवानगी मिळवतो. त्यामुळे त्याचा अभ्यास जितका संगणकशास्त्राचा, तितकाच माणसे कोणाला, कशाच्या भरवशावर आणि काय समजून होकार देतात याचा आहे. ही गोष्ट एकदा ध्यानात आली की फसलेल्या माणसाकडे, त्याच्या तक्रारीकडे, एवढेच नव्हे तर जप्त केलेल्या संगणकातून निघणाऱ्या पुराव्याकडेही पाहण्याची दृष्टी बदलते, आणि ती बदलावी अशी या लेखनामागची तळमळ आहे.

परवानगी काढून घेण्याची ही रीत किती जुनी आहे, हे १९८९ सालच्या एका प्रकरणावरून दिसते. त्या वर्षीच्या डिसेंबरात सुमारे २०,००० फ्लॉपी डिस्क टपालाने निरनिराळ्या देशांत पाठवल्या गेल्या. एड्स या तेव्हा नव्याने भेडसावू लागलेल्या रोगाची माहिती देणारा आणि त्याची लागण होण्याची शक्यता सांगणारा प्रोग्राम त्यांत होता, आणि तो खरोखर प्रश्न विचारून उत्तरेही देत असे. मात्र संगणक साधारण नव्वद वेळा सुरू झाला की हाच प्रोग्राम फाइलींची नावे कुलूपबंद करी, आणि ‘परवान्याचे शुल्क’ म्हणून १८९ डॉलर पनामातील एका टपालपेटीवर पाठवण्यास सांगे. या प्रकरणी जोसेफ पॉप या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाला अटक झाली. अभ्यासकाने येथे एक बाब आवर्जून पाहावी : डिस्कसोबतच्या बारीक अक्षरांतील कागदावर, शुल्क न भरल्यास संगणकातील इतर प्रोग्रामांवर परिणाम होईल, अशी सूचना छापलेली होती. म्हणजे तांत्रिकदृष्ट्या परवानगी घेतलेली होती, पण ज्याने ती दिली त्याला आपण काय दिले हे ठाऊक नव्हते. पुढच्या साडेतीन दशकांत फ्लॉपी गेली, टपाल गेले, रकमा वाढल्या. हा गाभा मात्र जसाच्या तसा राहिला.

हे पुस्तक पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील वाचकांना समोर ठेवून लिहिले आहे; या विषयाचा त्या तालुक्यांशी संबंध काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. भीमेच्या उत्तरेला शिरूर आणि दक्षिणेला दौंड असे हे शेजारी तालुके गेल्या दोन-तीन दशकांत झपाट्याने बदलले आहेत. रांजणगाव, सणसवाडी आणि शिक्रापूर या पट्ट्यात कारखानदारी उभी राहिली, कुरकुंभला रासायनिक उद्योगांची वसाहत आली, दौंडला रेल्वेचे मोठे जंक्शन आणि राज्य राखीव पोलीस दलाची केंद्रे पूर्वीपासूनच होती. आणि या सगळ्याच्या अवतीभोवती ऊस, कांदा, गुऱ्हाळे आणि दुधाचा धंदा यांवर चालणारी गावे आहेत. शेतकरी, परप्रांतातून आलेला कंत्राटी कामगार, बदलीवर आलेला पोलीस किंवा रेल्वे कर्मचारी, महा-ई-सेवा केंद्र चालवणारा तरुण आणि बचत गटाची अध्यक्ष, या सर्वांच्या हाती आज एकच वस्तू आहे, ती म्हणजे अँड्रॉइडचा मोबाइल, आणि त्यातच बँक, सातबारा, आधार, मुलांची शाळा आणि नात्यागोत्याचे सगळे संबंध सामावलेले आहेत.

त्यात शासनव्यवहाराने एक सवय लावली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः अ‍ॅप घेऊन, बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढून नोंद करायची होती. पीएम किसान योजनेचा २,००० रुपयांचा हप्ता अडू नये म्हणून ई-केवायसी करणे आले, त्याचेही अधिकृत अ‍ॅप आले. २०२४ च्या जुलैत मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना नारीशक्ती दूत हे अ‍ॅप गावोगावच्या महिलांनी मोबाइलमध्ये घेतले. ही सर्व अ‍ॅप खरी होती, उपयोगाची होती, आणि त्यांवाचून अनेकांचे हेलपाटे वाचले नसते. पण सरकारी काम म्हटले की एक अ‍ॅप बसवायचे, ते मागेल त्या परवानग्या द्यायच्या आणि ‘पुढे’ हे बटण दाबत राहायचे, हे समीकरण त्यातून मनात पक्के झाले. ट्रोजन बनवणाऱ्याने या समीकरणात नवे काही मिसळलेले नाही. त्याने फक्त त्यातल्या एका जागी आपली फाइल ठेवली.

ही फाइल कशी काम करते हे जवळून पाहण्यासारखे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या क्रमांकावरून ‘लग्नपत्रिका’, ‘आरटीओ चलन’ किंवा ‘पीएम किसान यादी’ अशा नावाची फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘.एपीके’ ही अक्षरे असतात. एपीके म्हणजे अँड्रॉइडचे अ‍ॅप ज्या गठ्ठ्यात बांधून दिले जाते तो गठ्ठा. ते चित्र नव्हे, कागदपत्र नव्हे, यादीही नव्हे, तो चालणारा प्रोग्राम आहे; त्यामुळे कोणतीही पत्रिका, पावती किंवा यादी या रूपात येऊच शकत नाही, आणि एवढे एकच वाक्य तालुक्यातल्या प्रत्येक घरात पोहोचले तरी निम्मे काम होईल. फाइलीवर बोट ठेवताच मोबाइल अडवतो आणि या स्रोताकडून अनोळखी अ‍ॅप घेण्याची मुभा नाही असे सांगतो. ही अडवणूक अँड्रॉइडच्या रचनेतील महत्त्वाची पायरी आहे, कारण २०१७ पासूनच्या आवृत्त्यांत अशी मुभा प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. परंतु त्याच सूचनेखाली सेटिंगमध्ये जाण्याचे बटणही असते, आणि पत्रिका पाहण्याची घाई असलेला माणूस ते दाबून मुभा देऊन टाकतो. येथे पहिला होकार मिळाला.

दुसरा होकार एसएमएस वाचण्याचा. अ‍ॅप उघडल्यावर खऱ्यासारखे बोधचिन्ह, खऱ्यासारखा रंग आणि नाव, आधार, खाते क्रमांक यांचा अर्ज दिसतो. तो भरत असताना संदेश वाचण्याची, काही वेळा पाठवण्याचीही, परवानगी मागितली जाते, आणि अर्जाच्या ओघात ती दिली जाते. तिसरा होकार सर्वांत घातक असून तो ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या सोयीचा आहे. अंध किंवा हाताने अधू असलेल्या माणसाला मोबाइल वापरता यावा म्हणून ही सोय केलेली असते; ती मिळालेला प्रोग्राम पडद्यावरचा मजकूर वाचू शकतो आणि वापरणाऱ्याच्या वतीने बटणेही दाबू शकतो. खिशातल्या पाकिटाला हात घालणारा चोर आणि घराचे कुलमुखत्यारपत्र लिहून घेणारा ठग यांत जे अंतर आहे, तेच अंतर साध्या चोरीत आणि या परवानगीत आहे. ती मिळाली की अनेक ट्रोजन आपले चिन्ह पडद्यावरून नाहीसे करतात, त्यामुळे काढून टाकायचे काय, हेही माणसाला कळत नाही.

त्यानंतर मोबाइलवर येणारा प्रत्येक ओटीपी गुन्हेगाराच्या सर्व्हरवर किंवा त्याच्या टेलिग्राम खात्यावर पोहोचतो. बँकेने ओटीपीची योजना केली ती दुसरा पहारा म्हणून, पासवर्ड चोरीला गेला तरी मोबाइल मालकाच्याच हाती असणार, या गृहीतावर. ट्रोजन नेमके हे गृहीतच खोटे ठरवतो, कारण मोबाइल मालकाच्या हाती असतो आणि चोरही त्याच मोबाइलच्या आत असतो. याच ओटीपीच्या बळावर व्हॉट्सअ‍ॅपचे खातेही ताब्यात जाते आणि तीच फाइल त्या माणसाच्या सर्व गटांत, भावकीच्या, गावकीच्या, दहावीच्या बॅचच्या, जाऊन पडते. ओळखीच्या क्रमांकावरून फाइल आली म्हणून उघडली, असे सांगणारा माणूस निष्काळजी नसतो. त्याने ज्या खुणेवर भरवसा ठेवला ती खूणच आधीच्या चोरीत लुटली गेलेली असते. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचे निमंत्रण म्हणून आलेल्या अशाच फाइलीपायी सुमारे १ लाख ९० हजार रुपये गमवावे लागले. त्याआधी सप्टेंबर २०२१ मध्ये भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने, म्हणजे संगणक-आपत्तींना तोंड देण्यासाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखाली नेमलेल्या यंत्रणेने, ‘ड्रिनिक’ नावाच्या ट्रोजनबद्दल इशारा दिला होता. प्राप्तिकराचा परतावा मिळवून देणारे अ‍ॅप असे सोंग त्याने घेतले होते आणि २७ बँकांचे ग्राहक त्याच्या निशाण्यावर होते.

मोबाइलचा एवढा विचार करताना टेबलावरचा संगणक सुटता कामा नये. तालुक्याच्या ठिकाणी फ्लेक्स, लग्नपत्रिका आणि कार्यअहवाल करणारी डीटीपीची दुकाने आणि फोटो स्टुडिओ यांचा धंदा बेताचा, आणि त्यांना लागणारी सॉफ्टवेअर महाग. त्यामुळे ‘क्रॅक’, म्हणजे परवान्याची तपासणी निकामी करणारी छोटी फाइल, पेनड्राइव्हवरून हातोहात फिरत राहिली. या फाइलीसोबत बहुधा एक सूचना असते : आधी अँटिव्हायरस बंद करा, नाहीतर ती चालणार नाही. वापरणाऱ्याला वाटते, अँटिव्हायरस विनाकारण आडवा येतो, कारण चोरटी प्रत आहे हे त्याला ठाऊकच असते. आणि जो पहारेकरी हाक मारणार होता त्याला तो स्वतःच गप्प बसवतो. सोंगाचा हा सर्वांत पक्का नमुना म्हणावा लागेल, कारण येथे धोक्याची घंटाच सोंगाचा भाग करून घेतली आहे. पुण्यात या क्षेत्रात अभिमानाने सांगावे असे काम झाले आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी दुरुस्तीच्या व्यवसायातून पुढे येत १९९५ च्या सुमारास बाजारात आणलेले क्विक हील हे अँटिव्हायरस देशभर पोहोचले. तरीही कोणताही अँटिव्हायरस मुख्यतः पूर्वी पाहिलेल्या खुणा आणि संशयास्पद वर्तन यांवरून निवाडा करतो, आणि मालकानेच ‘हे चालू दे’ असे सांगितले तर त्याचे हात बांधले जातात.

येथपर्यंतच्या विवेचनावरून वाचकाचा असा समज होऊ शकेल की सावध राहणारा माणूस या संकटातून सहज सुटतो. तसे नाही, आणि ते तसे नाही हे सांगणे प्रामाणिकपणाला धरून आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणकीय कामकाज ठप्प झाले आणि कंटेनरांच्या रांगा लागल्या. त्यामागचा ‘नॉटपेट्या’ हा प्रोग्राम युक्रेनमधील ‘एमईडॉक’ या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीत दडवून पाठवण्यात आला होता. त्या देशातील लेखनिकांनी कोणतीही अनोळखी फाइल उघडली नव्हती. खऱ्या कंपनीच्या खऱ्या सर्व्हरवरून आलेले अपडेट त्यांनी, तज्ज्ञ सांगतात तसेच, वेळेवर घेतले होते. आत शिरल्यावर मात्र त्याने वर्मची चाल धरली आणि जगभर कारभार असलेल्या मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यातून तो रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आला. युनिक्स या संगणकप्रणालीचे एक निर्माते केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हीच अडचण मुळापासून दाखवून दिली होती : प्रोग्रामची मूळ संहिता ओळ न् ओळ वाचली, तरी ती संहिता यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनातच घात लपवलेला असू शकतो, त्यामुळे अखेर विश्वास ठेवावा लागतो तो माणसांवर.

पुण्यातील कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेला हल्ला याच जातीचा, मात्र तेथे सोंग माणसापुढे नव्हे तर यंत्रापुढे घेतले गेले. ११ ऑगस्टला सुमारे सव्वादोन तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांवर पैसे निघत राहिले, कारण ‘या खात्यात पैसे आहेत का’ या प्रश्नाला बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी गुन्हेगारांची बनावट यंत्रणा होकार देत होती. १३ ऑगस्टला आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला वळवले गेले, आणि एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाखांवर गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या प्रकरणी अकरा जणांना दोषी ठरवले.

शिरूर तालुक्याच्या संदर्भात मात्र या विषयाचे सर्वांत गंभीर उदाहरण पैशाच्या चोरीचे नाही. १ जानेवारी २०१८ रोजी तालुक्यातील कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला. त्याच्या आदल्या दिवशी पुण्यात शनिवारवाड्यावर झालेल्या एल्गार परिषदेसंबंधी विश्रामबाग पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला, पुढे देशाच्या निरनिराळ्या भागांतील कार्यकर्ते, वकील आणि प्राध्यापकांना अटक झाली, आणि जानेवारी २०२० मध्ये तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. आरोपपत्रातील महत्त्वाचा आधार होता आरोपींच्या संगणकांत सापडलेली पत्रे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या न्यायवैद्यक तपासणी करणाऱ्या संस्थेचा, बचाव पक्षाच्या विनंतीवरून तयार झालेला अहवाल पुढे आला. त्याचे म्हणणे असे की, दिल्लीतील रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये १३ जून २०१६ रोजी एका परिचिताच्या खात्यावरून आलेल्या ई-मेलमधील फाइल उघडली गेली, समोर एक साधा दस्तऐवज दिसला आणि त्याच वेळी मागे ‘नेटवायर’ हा ट्रोजन बसला. त्यानंतर सुमारे बावीस महिने हल्लेखोराला त्या लॅपटॉपमध्ये दुरून वावरता येत होते आणि वादग्रस्त पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये त्यानेच ठेवली. पुष्टीसाठी अहवालाने असेही नमूद केले की, त्यांतील काही पत्रे वर्ड या सॉफ्टवेअरच्या २०१० किंवा २०१३ सालच्या आवृत्तीतून तयार झालेली दिसतात, तर लॅपटॉपमध्ये २००७ ची आवृत्ती होती, आणि ही पत्रे त्या यंत्रावर कधी उघडल्याचाही पुरावा मिळत नाही. राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. शासनमान्य प्रयोगशाळेच्या तपासणीत असा कोणताही घातक प्रोग्राम आढळला नाही, अशी तिची भूमिका राहिली.

यांतील कोणते म्हणणे खरे, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि हे पुस्तक त्या वादात निवाडा देत नाही. तथापि या प्रकरणाने उभा केलेला प्रश्न कोणत्याही एका खटल्यापेक्षा मोठा आहे. नेटवायर हे दुरून संगणक सांभाळण्याचे साधन म्हणून २०१२ पासून जाहीरपणे विकले जात होते, आणि मार्च २०२३ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचे संकेतस्थळ बंद केले, तोवर कोणालाही ते थोडक्या पैशात विकत घेता येत होते. असा प्रोग्राम बसला की यंत्रात असलेली वस्तू यंत्राच्या मालकाचीच, हे साधे गृहीत डळमळते. जप्तीच्या वेळी पोलीस संगणकातील माहितीची ‘हॅश’ काढतात. हॅश म्हणजे माहितीवर ठरावीक गणित करून मिळालेली अक्षरे-अंकांची ओळ, माहितीतला एक ठिपका बदलला तरी जी पूर्ण बदलते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावयाच्या प्रमाणपत्रातही आता तिला स्थान आहे. परंतु जप्तीनंतर काही बदलले नाही एवढेच हॅश सांगू शकते. जप्तीपूर्वी ती फाइल तेथे कोणी ठेवली, या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नाही. तालुका न्यायालयात कौटुंबिक वादातील संदेश, जमिनीच्या व्यवहाराचे ई-मेल आणि मोबाइलमधील छायाचित्रे पुरावा म्हणून दाखल होऊ लागली असताना, वकील आणि तपास अधिकारी या दोघांनीही हा फरक नीट समजून घेणे निकडीचे झाले आहे.

कायद्याच्या अंगाने पाहता परवानगीचा मुद्दा पुन्हा समोर येतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या ‘परवानगीशिवाय’ संगणकात घातक प्रोग्राम सोडणाऱ्यावर जबाबदारी टाकली आहे, आणि ट्रोजन तर परवानगी घेऊनच येतो. या कोड्याचे उत्तर आपल्या दंडविधीत फार पूर्वीपासून आहे : वस्तुस्थितीबद्दलच्या गैरसमजातून दिलेली संमती ही संमती नव्हे, आणि ज्याने ती घेतली त्याला हे ठाऊक असेल तर तिचा आधार त्याला मिळत नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ९० मधील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ मध्ये तसेच पुढे चालले आहे. पत्रिका पाहण्यास दिलेला होकार हा बँकखाते रिकामे करण्यास दिलेला होकार ठरत नाही, आणि ‘बटण तुम्हीच दाबले ना’ हा प्रश्न, मग तो बँकेच्या खिडकीवर विचारला जावो, पोलीस ठाण्यात वा घरात, कायद्याच्या आणि माणुसकीच्या दोन्ही कसोट्यांवर चुकीचा आहे. या एका प्रश्नाच्या धास्तीने कितीतरी माणसे तक्रार करत नाहीत; सून सासऱ्याला सांगत नाही, निवृत्त शिक्षक मुलाला सांगत नाही, आणि दिवस निघून जातात.

दिवस निघून जाण्याची किंमत मोठी आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षीच्या डिसेंबरातील परिपत्रकाने, अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकावर किती भार पडावा याचे नियम घालून दिले. बँक आणि ग्राहक या दोघांचाही दोष नसेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले असेल, तर त्याच्यावर काहीच भार नाही. ग्राहकाच्या हलगर्जीमुळे नुकसान झाले असले, तरी त्याने कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेच्या माथी. आणि ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचे ओझेही बँकेवरच आहे. शिरूर-दौंडच्या बहुसंख्य खातेदारांना, मग त्यांचे खाते राष्ट्रीयीकृत बँकेत असो वा जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत, हे नियम कोणी समजावून सांगितलेले नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

म्हणून हे पुस्तक वाचायला घेणाऱ्याने पुढील प्रकरणांतील तांत्रिक भागाकडे वळण्यापूर्वी एवढे पक्के करावे. संशयास्पद फाइल बसवली गेली असे ध्यानात येताच त्या मोबाइलचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे, त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी, आणि तक्रार नोंदवली जाईपर्यंत मोबाइल कोरा करून घेऊ नये, कारण दुकानदाराने चांगल्या हेतूने केलेल्या त्या ‘रिसेट’मध्ये चोराचा माग आणि तक्रारदाराचा पुरावा दोन्ही पुसले जातात. शेजारच्याने असे काही सांगितले तर त्याला बोल लावण्याआधी १९३० हा क्रमांक लावून द्यावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.